तळघरातल्या अभ्यासिकांची हवा मोजा

महोदय,

दिल्लीत राजेंद्रनगरच्या एका कोचिंग सेंटरच्या तळघरात २७ जुलै २०२४ रोजी पाणी शिरून तीन विद्यार्थी गेले. त्यानंतर पाण्याचा निचरा, आग, बाहेर पडायचा जिना या सगळ्यावर बोलले गेले. तळघरातल्या हवेबद्दल मात्र फारसे काही वाचनात आले नाही. सोलापुरातही स्पर्धा परीक्षेची मुले तळघरात सकाळी बसतात ती रात्रीच उठतात, म्हणून हे पत्र.

माती आणि दगडात युरेनियम अल्प प्रमाणात असतेच. त्यापासून रेडियम आणि रेडियमपासून रेडॉन वायू तयार होतो. त्याला रंग, वास, चव काहीच नाही. मोकळ्यावर तो विरून जातो, पण फरशीच्या भेगांतून, पाइपांभोवतीच्या फटींतून बंद खोलीत शिरला की साचतो. त्यापासून होणारे पोलोनियमचे कण श्वासाबरोबर आत जाऊन फुप्फुसात चिकटतात आणि तिथे अल्फा किरण, म्हणजे पेशींना इजा करणारे अतिसूक्ष्म कण, सोडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच रेडॉनला कर्करोगकारक ठरवले आहे. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानानंतर त्याचे नाव येते. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला तर याचा धोका कितीतरी जास्त.

सोलापूर काळ्या दगडावर वसले आहे, इथे कसला रेडॉन, असे कुणी म्हणेल. मुद्दा बरोबर आहे. आपल्या बेसाल्टमध्ये ग्रॅनाइटपेक्षा युरेनियम बरेच कमी असते, आणि मला घबराट मुळीच पसरवायची नाही. पण खोलीत रेडॉन किती, हे नुसत्या खडकावर ठरत नाही. हवा खेळती आहे का, यावरही ठरते. शेजारशेजारच्या दोन घरांतले आकडेसुद्धा वेगळे येतात. आपल्याकडे पूर्वी वैशाखात खिडकीला कूलर असायचा, तो बाहेरची हवा आत ओढायचा. आता एसी आला. तो आतलीच हवा गार करून फिरवतो आणि दारे-खिडक्या घट्ट लावून घेतो. तळघराला तर मुळात खिडकीच नसते, आणि त्याच्या भिंतीही जमिनीत असतात.

त्यामुळे मोजल्याशिवाय कळायचे नाही. बाजारात मिळणारी हवेची साधी यंत्रे धूळ किंवा कार्बन डायऑक्साइड दाखवतात, रेडॉन नाही. त्यासाठी एलआर-११५ नावाच्या फिल्मचा लहानसा तुकडा डबीत घालून खोलीत तीनेक महिने टांगतात. वीज लागत नाही. अल्फा कण फिल्मवर खुणा सोडतात. कॉस्टिक सोड्यात धुतल्यावर त्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. डबी सगळ्यात खालच्या वापरातल्या खोलीत, खिडकी, पंखा, न्हाणीघरापासून दूर, बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीला लावायची. रेडॉन दिवसागणिक, ऋतुमानाप्रमाणे बदलतो, म्हणून दोन-चार दिवसांच्या चाचणीवर मी तरी विसंबणार नाही. देशातल्या अनेक विद्यापीठांनी या फिल्मने घराघरांत मोजमाप केले आहे.

माझी मागणी महापालिकेकडे आणि पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाकडे आहे. शहरातल्या तळघरांतल्या अभ्यासिका, शिकवण्या आणि तुलनेसाठी काही राहती घरे निवडून तिथे एकदा उन्हाळ्यात व एकदा हिवाळ्यात या डब्या लावाव्यात. पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना हे काम प्रकल्प म्हणून देता येईल. आकडे लोकांसमोर यावेत. जागतिक आरोग्य संघटनेने दर घनमीटर हवेला १०० बेक्वेरेल (बेक्वेरेल हे किरणोत्साराचे माप) ही मर्यादा सुचवली आहे. ते जमत नसेल तर निदान ३०० च्या वर जाऊ नये, असे म्हटले आहे. आकडा मर्यादेत आला तर पालकांची काळजी मिटेल. जास्त आला, तर अभ्यासिका चालवणाऱ्याने फरशीच्या भेगा बुजवाव्यात, बाहेरची ताजी हवा आत सोडणारा पंखा बसवावा आणि त्याच जागी पुन्हा डबी लावून फरक पडला का ते पाहावे. तोवर परवान्याचे नूतनीकरण थांबवावे.

– एक निवृत्त विज्ञानशिक्षक, जुळे सोलापूर