दहाव्या वर्षी शिक्का नको

संपादक महोदय,

मुलगी दहा वर्षांची असतानाच ती पुढे अमेरिकेत कॉलेजकडून जिम्नॅस्टिक्स खेळेल का हे कळतं, असं रविवारच्या पुरवणीत वाचलं, अजिबात पटलं नाही. अमेरिकेची जिम्नॅस्ट केटलिन ओहाशी २०१३ च्या अमेरिकन कप स्पर्धेत, पुढे ऑलिम्पिक विजेती झालेल्या सिमोन बाइल्सच्या पुढे पहिली आली, मग पाठ आणि खांद्याच्या दुखापतींनी ऑलिम्पिक राहिलंच, आणि २०१९ मध्ये यूसीएलए या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठाकडून फ्लोअरवर (जमिनीवरच्या कसरतीत) परफेक्ट १०, म्हणजे पूर्ण गुण, मिळवून तीच जगभर पोचली. हे आधी कोण सांगू शकलं असतं? वयात येताना उंची वाढते, तोल बदलतो, आधी जमणाऱ्या उड्याही परत बसवाव्या लागतात. २०१९ पासून तर दहावीनंतरच्या १५ जूनआधी सर्वांत वरच्या स्तरावरच्या (डिव्हिजन १) कॉलेज कोचला मुलीशी भरतीचं बोलताही येत नाही. आमची लेक अकराची आहे, क्लबमध्ये आत्ताच 'हिचं काही होणार नाही' ऐकून घरी येते, जीव तुटतो हो.

एक पालक, न्यू जर्सी