कोट कुणाचा आणि केस कुठं गेले

लीड्स, नोव्हेंबर

प्रिय आई, बाबा आणि आज्जी,

रविवारी मी घरच्या ग्रुपवर माझा फोटो टाकला. त्याखाली आत्यानं अंगठा दिला, दादानं एक हसरं तोंड चिकटवलं आणि पुढं सगळं सामसूम. वीज गेल्यावर आपल्या मागांच्या शेडमध्ये पडते तशी. मग आईचा एकच प्रश्न आला, "कोट कुणाचा घातलायस?" आणि मागून आज्जीचा आवाज, "पोरीचे केस कुठं गेले?" फोनवर सांगायला गेले तर निम्मा वेळ भांडणातच जाईल, म्हणून सावकाश लिहिते. दादा, आज्जीला वाचून दाखवताना मधलं काही गाळायचं नाही.

कोट माझाच आहे. 18 पौंड देऊन घेतलाय. पण माझ्याआधी तो कुणाचा होता ते मला ठाऊक नाही, आणि आई, तुला खरं तर तेच विचारायचंय. हेडिंग्लेला (हो बाबा, तुमचं क्रिकेटचं हेडिंग्ले) मुख्य रस्त्यावर जुन्या कपड्यांची धर्मादाय दुकानं आहेत. त्यातल्या एकातला हा कोट.

"परक्याचं उतरलेलं अंगाला लावायचं नाही" हे तुझंच वाक्य. दादाचा शर्ट मला चालायचा, मावशीच्या पोरीचा फ्रॉक चालायचा, परक्याचं मात्र नको. आपल्या दारात बोहारीण यायची तेव्हा दोन साड्या आणि बाबांच्या जुन्या पँटी तिच्या पुढ्यात टाकून तू घासाघीस करकरून स्टीलचा डबा मिळवायचीस. ते गाठोडं पुढं कुठं जातं, कोण घालतं, हे आपण कधी विचारलं नाही. आता मी त्या गाठोड्याच्या दुसऱ्या टोकाला उभी आहे, एवढंच. इथं लोक कपडे धुऊन, घड्या घालून आणून देतात. बहुतेक निवृत्त बायका फुकट राबून दुकान चालवतात आणि आलेला पैसा कर्करोगाच्या संशोधनाला किंवा मुक्या जनावरांच्या दवाखान्याला जातो. गिऱ्हाइकांत माझ्यासारखी पोरं असतात, तशी चांगल्या गाडीतून उतरणारी माणसंही असतात. शिवाय मी कोट ड्रायक्लीन करून घेतला, आणि त्याला जवळजवळ कोटाएवढेच पैसे पडले. आता तरी कपाळावरचा हात काढ.

आता बाबांसाठी. पूर्ण लोकर, ट्विल म्हणजे तिरक्या रेषांची वीण, आणि इतकी घट्ट की पावसाची भुरभुर वरच अडते. आत अस्तर, त्यात बाह्यांपुरतं पट्ट्यापट्ट्यांचं वेगळं कापड. शिवणीत बोटभर माया सोडलेली. खिशाच्या आतल्या पट्टीवर नाव आहे बर्टन. मॉन्टेग्यू बर्टन हा 1900 मध्ये लिथुआनियातून इंग्लंडला आलेला ज्यू मुलगा. त्यानं इथं सामान्य कामगाराला परवडतील असे मापाचे सूट शिवून विकायचा धंदा उभा केला. लीड्सच्या हडसन रोडवरच्या त्याच्या कारखान्यात एके काळी सुमारे 10,000 माणसं कामाला होती. आता त्यातलं काही राहिलं नाही, उरलीसुरली दुकानंही 2021 मध्ये मिटली. कोट पुरुषाचा असल्यामुळं बटणं उलट्या बाजूला आहेत, हात अजून चुकीकडं जातो. पण खिसे! बायकांच्या कोटाला इथंही खिसे नावापुरतेच असतात. ह्यात किल्ल्या, फोन, छत्री आणि एक केळं आरामात मावतं.

केसांचं कारण एकदम साधं आहे, आज्जी. न्हाल्यावर वाळत नाहीत. दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो, खोलीतला हीटर ठरलेल्या वेळीच लागतो, आणि ओले केस घेऊन बाहेर पडलं की मान आखडते. एवढी वेणी सांभाळायला इथं तू नाहीस. तेलाची बाटली मात्र संपत आलीय, तेव्हा तू समजतेस तितकी मी बिघडलेली नाही. आणि तू बसवून दिलेली चमकी नाकात तशीच आहे. वर्गात अशा चमक्या घातलेल्या गोऱ्या पोरी आहेत. आमच्या घरातली यॉर्कशायरची मुलगी तर माझी बघून म्हणाली, हा खडा कुठं मिळतो. मी सांगितलं, आमच्या सोनाराकडं, आणि आज्जी बरोबर असेल तरच.

सप्टेंबरात इथं शिकायला आले तेव्हा माझ्या बॅगेत काय होतं ते आईला माहीतच आहे, तिनंच भरली. गांधीनगरातनं घेतलेले तीन स्वेटर, महाद्वार रोडवरच्या दोन जीन्स, चार पंजाबी ड्रेस, आणि "एखादा कार्यक्रम असला तर" म्हणून तिचीच मोतिया रंगाची साडी. स्वेटर दिसायला जाडजूड, पण सगळे अ‍ॅक्रिलिकचे. वाऱ्यात काही उपयोगाचे नाहीत. कोल्हापुरी चपला तर पहिल्या पावसात भिजल्या त्या अजून खिडकीत वाळताहेत. इथं बघितलं तर सगळ्यांच्या अंगावर काळं फुगीर जाकीट, म्हणून मीही एक घेतलं. ऊबदार होतं, नाही म्हणत नाही. पण वर्गाचा ग्रुप फोटो आला तेव्हा त्यात मी कुठं आहे ते मलाच शोधावं लागलं. इचलकरंजीच्या डीकेटीईत, आपल्या कापडाच्या कॉलेजात, ॲप्रन घालून चार वर्षं काढली तेव्हा गणवेश सक्तीचा होता. इथं कुणी सक्ती केली नव्हती, तरी सगळे गणवेशातच.

म्हणजे दिवसा. शुक्रवारी रात्री ह्याच पोरी उघड्या खांद्यांचे कपडे घालून, अंगावर कोट नाही की शाल नाही, थंडीत क्लबच्या रांगेत उभ्या राहतात. उत्तर इंग्लंडच्या पोरींना थंडी वाजत नाही असं इथं म्हणतात. मला वाटतं वाजते, पण कोट ठेवायला क्लबात पैसे पडतात. आणि शनिवारी तर बघायलाच नको. हेडिंग्लेपासून शहराकडं ओटली रोडवरनं एकेक पब घेत जायची विद्यार्थ्यांची जुनी रीत आहे, ओटली रन म्हणतात. अख्खी टोळी एकसारखी सोंगं घेऊन निघते. मी बसच्या थांब्यावर उभी होते, समोरून डझनभर गायी आल्या, मागनं ख्रिस्ती जोगिणी, त्यांच्यामागं दाढीवाले बाप्ये लग्नाच्या पांढऱ्या झग्यात. रस्त्यावर एकानंही मान वळवून पाहिलं नाही. गावभागात हे झालं असतं तर आठवडाभर दुसरा विषय निघाला नसता.

कुणी बघत नाही, हे इथलं मला सगळ्यात आधी आवडलं आणि नंतर सगळ्यात जास्त टोचलं. दिवाळीला मी आईची ती साडी नेसले. आत थर्मल, खाली बूट, वरनं जाकीट. लेक्चरला गेले, लायब्ररीत बसले, परत आले. दिवसभरात एकानंही "नवीन का?" विचारलं नाही. आपल्या गल्लीत साधा दुपट्टा बदलला तरी तीन ओसऱ्यांवरून चौकशी होते, "केवढ्याला घेतला", "रंग जाईल गं ह्याचा", "तुझ्या आईला शोभेल जास्त". त्या चौकशीचा मला किती वैताग यायचा! त्या दिवशी मात्र कुणीतरी साडीचा पदर हातात धरून किंमत विचारावी असं फार वाटलं. शेवटी संध्याकाळी आमची नायजेरियाची घरमैत्रीण स्वयंपाकघरात आली, काही न बोलता निरी बोटांत धरून चोळली आणि म्हणाली, हे सुती आहे ना? तिची आई लागोसला कापड विकते. आम्ही दोघी मग भात करपेपर्यंत कापडावरच बोलत बसलो.

आता विद्यापीठाचं सांगते, कारण काका अजून म्हणतो ना, डीकेटीई दारात असताना आणि तिथली पदवी हातात असताना लीड्स कशाला. काकाला सांगा, 1867 च्या पॅरिसच्या प्रदर्शनानंतर इथल्या गिरणीवाल्यांना धडकी भरली की युरोपातले लोक आपल्या पुढं जाणार. म्हणून 1874 मध्ये त्यांनी यॉर्कशायर कॉलेज काढलं, आणि कापडाच्या विभागाला लंडनच्या क्लॉथवर्कर्स कंपनीनं, म्हणजे कापडवाल्यांच्या जुन्या संघानं, पैसा दिला. त्यांच्या नावाच्या इमारती अजून वापरात आहेत, माझे काही तास तिथंच होतात. 1904 मध्ये त्या कॉलेजचं विद्यापीठ झालं. बाबा, 1904! त्याच वर्षी विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला. हे मी आमच्या मास्तरांना सांगितलं तर त्यांनी लगेच वहीत टिपून घेतलं. इथं सगळे त्यांना नावानं हाक मारतात. माझ्या तोंडून अजून "सर"च निघतं.

ह्या मास्तरांच्या स्वेटरला कोपरावर रफू आहे. राखाडी स्वेटरवर लालभडक लोकरीचं, मुद्दाम लांबून दिसेल असं. आपल्याकडं रफू दिसलं नाही तरच रफूवाला पक्का. इथं आता उघडं रफू करून मिरवायची आवड निघालीय. आज्जी, तू माझ्या दप्तराला घातलेली ती वेडीवाकडी ठिगळं आज लीड्समध्ये चांगल्या किमतीला गेली असती.

मध्ये प्रयोगशाळेत एक तास झाला, तो मला तुम्हाला सांगायचाच होता. कापड हाताला कसं लागतं हे मोजायची यंत्रं असतात. जपानच्या कावाबाता नावाच्या प्राध्यापकांनी 1970 च्या दशकात ती पद्धत बसवली. कापड ताणायचं, वाकवायचं, दाबायचं, पृष्ठभाग किती खरखरीत ते बघायचं, आणि सगळ्याचे आकडे काढायचे. यंत्र लावायच्या आधी आम्हाला पडद्याआडनं हात घालून, न बघता, तुकडे मऊपासून कडकपर्यंत लावायला सांगितले. मी लावले. यंत्राचा क्रम आणि माझा क्रम जवळपास एकच निघाला. एका तुकड्यात खळ जास्त राहिलीय हेही सांगितलं. मास्तरांनी विचारलं, कुठं शिकलीस? आता काय सांगू? बाबा, तुम्ही अडत्याकडं जाताना मला स्कूटरवर पुढं उभं करून न्यायचा, तिथं गठ्ठ्यातलं कापड अंगठा आणि दोन बोटांत धरून फिरवायचा आणि म्हणायचा, "पीक कमी टाकलाय," म्हणजे आडवे धागे विरळ. मला वाटायचं सगळ्यांच्याच बापांना हे येतं.

त्या दिवसापासून मी कपडे आरशात बघून घ्यायचे बंद केले. दुकानात गेले की आधी हात घालते. हँगरवरची रांग चालत चालत बोटांनी चाळत जायची, चांगलं कापड लागलं की थांबायचं, मग तो कपडा कुणासाठी शिवलाय, कुठल्या सालातला आहे, आता चलतीत आहे की नाही, ह्याचा विचार नंतर. कोट असाच सापडला. एक कॉर्डुरॉयची पँट, तीही पुरुषाची, कमरेत आत घेतलीय. एक लिननचा शर्ट. पंजाबी ड्रेसांतले दोन कुडते मी आखूड करून त्या पँटीवर घालते, आणि काळं जाकीट घरमैत्रिणीला देऊन टाकलं. फोटोत तुम्हाला जे विचित्र दिसलं ते हे सगळं मिळून. मला ते छान दिसतं. आईला नाही दिसणार, आणि त्यावर आपण भांडूच, पण कापडात खोट काढून दाखव.

जुन्या कपड्यांवरनं आठवलं. इथून बसनं जाता येईल एवढ्यावर बॅटली नावाचं गाव आहे. 1813 मध्ये तिथल्या बेंजामिन लॉ नावाच्या माणसानं लोकरीच्या चिंध्या दळून, त्यात थोडी नवी लोकर मिसळून पुन्हा सूत काढलं. त्याला शॉडी म्हणतात. आसपासची गावं त्यावर श्रीमंत झाली, युरोपभरच्या चिंध्या तिथं उतरायच्या. आज तो धंदा पानिपतात आहे. ह्या देशातले जुने स्वेटर गाठी बांधून तिकडं जातात आणि त्यांच्या घोंगड्या होतात. मला माझा प्रकल्प ह्यावरच करायचाय, म्हणजे उन्हाळ्यात पानिपतला जावं लागेल. बाबा, तिथं ओळखीचा कुणी सूतवाला आहे का?

कर्जाच्या हप्त्याची काळजी करू नका. आठवड्याला 20 तास काम करायची परवानगी आहे, आणि मला एका टेलरिंग दुरुस्तीच्या दुकानात शनिवार-रविवारचं काम मिळालंय. मुख्यतः पँटी आखूड करायच्या. मालक ब्रॅडफर्डचे, त्यांचे वडील साठच्या दशकात काश्मीरमधल्या मीरपूरहून येऊन लोकरीच्या गिरणीत रात्रपाळी करायचे. ते मला "बेटा" म्हणतात आणि माझी तुरपाई बघून चक् चक् करतात.

आता सामानाची यादी. जानेवारीत जयसिंगपूरचा एक मुलगा येणार आहे, त्याचा नंबर दादाला पाठवलाय. बाबा, आपल्या मागावरचं कोरं कापड 5 मीटर हवंय, साठ काउंटच्या सुताचं, मोठ्या पन्ह्याचं, आणि धुऊन पाठवू नका, खळ असू दे. त्याचे मी इथल्या स्टुडिओत शर्ट शिवणार आहे, एक माझा आणि एक मास्तरांना दाखवायला. आई, तुझ्या शिवणाच्या डब्यातली मोठी कात्री दे, इथली हाताला बसत नाही. ती हातातल्या बॅगेत ठेवू नको म्हणावं, विमानतळावर काढून घेतील. भडंग दे. चकल्या नकोत, चुरा होतो.

तुमची,
बारकी

ता. क. आज्जी, केस कापताना जी वेणी निघाली ती मी टाकलेली नाही. आजारी मुलांसाठी टोप बनवतात त्या संस्थेला पोस्टानं पाठवलीय.