आमच्या डॉक्टरांनी विचारलं नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीतला अमेरिकेतल्या डॉक्टरांवरचा लेख इथे रात्री उशिरा वाचला आणि मग झोप लागली नाही. लेखकाचं म्हणणं असं, की पेशंटच्या घरात बंदूक आहे का हे विचारणं डॉक्टरांचा आगाऊपणा आहे, डॉक्टरने ताप बघावा, खोकला बघावा, बंदुकीचं काय ते पोलीस बघतील. आणि वर शेवटी एक वाक्य, की त्या मानाने आपले डॉक्टर बरे, असल्या भानगडीत पडत नाहीत. मी फ्लोरिडात १९ वर्षं राहतेय, दोन्ही मुलं इथेच वाढली, आणि हा प्रश्न आम्हाला वेळेवर कोणी विचारला नाही म्हणून आमच्या घरात काय होता होता राहिलं ते मला माहितीये. म्हणून लिहितेय.

२०२० मध्ये माझ्या नवऱ्याने गन घेतली. तेव्हा सगळं बंद होतं, दुकानात मालाची मारामारी, आशियाई लोकांवर हल्ले होतायत अशा बातम्या रोज, आणि ओळखीच्या एका माणसाच्या गॅस स्टेशनवर दरोडा पडला होता. मी आधी नको म्हटलं, मग गप्प बसले. बेडरूमच्या कपाटात वरच्या फळीवर बुटाच्या खोक्यात ती ठेवली, गोळ्या भरून. तिच्यासोबत दुकानातून केबलचं कुलूप मिळालं होतं, गन विकताना ते द्यावंच लागतं, पण त्या कुलपाचं प्लास्टिकसुद्धा आम्ही फोडलं नव्हतं. आणि घरात १६ वर्षांखालचं मूल असेल तर भरलेली गन कुलपात ठेवायचा कायदा फ्लोरिडात आहे, माझी धाकटी तेव्हा नऊ वर्षांची, पण हे आम्हाला माहीतच नव्हतं. सह्या केलेल्या कागदांवर कुठेतरी होतं, आम्ही वाचलं नाही.

मुलगा तेव्हा १६ पूर्ण झालेला. शाळा ऑनलाइन, मित्र नाहीत, दिवसभर खोलीत. वार्षिक तपासणीला नेलं तर तिथे मुलांना एक फॉर्म भरायला देतात, झोप येते का, कशात रस वाटतो का, जगू नये असं कधी वाटतं का. त्याने खरंखरं भरलं. डॉक्टरांनी तो फॉर्म वाचला, माझ्याशी वेगळं बोलले, काउन्सेलरचं नाव लिहून दिलं. सीट बेल्ट लावतो का विचारलं, स्विमिंग पूलला कुंपण आहे का विचारलं, सिगरेट, व्हेपिंग, दारू, उन्हात जाताना क्रीम लावतो का, हे सगळं विचारलं. हातात तो फॉर्म असताना घरात गन आहे का एवढंच विचारलं नाही. आणि मला ते सुचलंच नाही हो, मी आई आहे त्याची आणि मला त्या फॉर्मचा आणि कपाटातल्या खोक्याचा संबंध लागला नाही. काउन्सेलरची तारीख सात आठवड्यांनंतरची मिळाली.

पाचव्या आठवड्यात एका रात्री दोन वाजता मला कपाटाच्या खोलीत दिवा दिसला. तो खाली फरशीवर बसला होता, खोकं मांडीवर. त्याने ते उघडलं नव्हतं. मला बघितलं आणि खोकं माझ्या हातात दिलं आणि रडायला लागला. यापुढचं मी लिहीत नाही. तो आज कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, बरा आहे, आणि हे पत्र त्याला विचारूनच लिहितेय.

त्याच रात्री आम्ही त्याला इमर्जन्सीत घेऊन गेलो. तिथल्या नर्सने नाव, वय, औषधं विचारली आणि लगेच विचारलं, घरात गन आहे का. मी हो म्हटलं. कशाला घेतली, लायसन्स आहे का, काही नाही, कपाळावर आठी नाही. दोन मिनिटांत तिने सांगितलं की मुलगा घरी यायच्या आधी ती घराबाहेर गेली पाहिजे, कुठल्या नातेवाइकाकडे, विश्वासातल्या मित्राकडे, नाहीतर पोलिसांना फोन करून विचारा, आणि घरातल्या औषधांच्या बाटल्याही कुलपात ठेवा. माझा नवरा एरवी या विषयावर हमखास भांडला असता, पण त्याने तिथूनच मित्राला फोन लावला. त्या बाईचा आगाऊपणा झाला का? तुमच्या लेखकांनी मला सांगावं.

नंतर मी आमच्या डॉक्टरांना विचारलं की तुम्ही का नाही विचारलंत. ते म्हणाले, या राज्यात मधे काही वर्षं या प्रश्नावरून दंडाची, लायसन्सची धास्ती होती, कोर्टात काय चाललंय ते कळायचं नाही, तेव्हा विषय काढणं सोडलं, आणि मग सवयच राहिली नाही. मला राग आला, अजून येतो. डॉक्टरांना हा प्रश्न विचारायला मनाई करणाऱ्या फ्लोरिडाच्या २०११ च्या त्या कायद्याचा, गव्हर्नर रिक स्कॉटनी सही केलेल्या, तुमच्या लेखकांनी एवढा गौरव केलाय, दहा हजार डॉलरपर्यंत दंड म्हणून कौतुकाने लिहिलंय, पण तो कायदा कोर्टात २०११ पासूनच अडकला होता आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये अटलांटाच्या अपील कोर्टाने दहा विरुद्ध एक अशा मताने त्याची मुख्य कलमं रद्द केली, हे लिहायला जागा नव्हती? राज्य सरकार त्यावर सुप्रीम कोर्टातसुद्धा गेलं नाही. म्हणजे आम्ही त्या डॉक्टरांसमोर बसलो होतो तेव्हा विचारायची मनाई उठून साडेतीन वर्षं झाली होती! कायदा गेला आणि धास्ती तशीच राहिली, आणि ती राहते ती अशाच लेखांमुळे.

इथल्याच ओकाला गावच्या त्या आईचं उदाहरण त्यांनी दिलंय, तिने गनच्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही म्हणून डॉक्टरांनी ३० दिवसांत दुसरा डॉक्टर बघा सांगितलं, तिथे माझं लेखकांशी भांडण नाही. ते डॉक्टर चुकलेच. उत्तर नाही दिलं तर नाही दिलं, पुढचा प्रश्न विचारावा, मुलाला तपासावं. आणि कोर्टानेही गन बाळगणाऱ्या पेशंटशी भेदभाव करू नये हे कलम ठेवलंच आहे की. पण एका डॉक्टरने उर्मटपणा केला म्हणून बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही हा कुठला न्याय. डॉक्टरांनी विचारलं की सरकारकडे गनवाल्यांची यादी जाईल म्हणताय तर २०१० च्या ओबामांच्या आरोग्य कायद्यातच, त्या कायद्याखाली जमा झालेल्या माहितीतून गनवाल्यांची नोंद ठेवता येणार नाही, असं घातलेलं आहे.

आता आपल्याकडचे डॉक्टर असलं विचारत नाहीत या वाक्याबद्दल. माझं माहेर अकोला जिल्ह्यातलं, कापसाचं घर. मी आठवी-नववीत असताना काकूचं तान्हं मूल गेलं आणि ती जेवेना, बोलेना, नुसती भिंतीकडे बघत बसायची. गावात एकच डॉक्टर, ते घरी आले, तिला तपासलं, टॉनिक लिहून दिलं आणि ओसरीवर येऊन बाबांना हळू आवाजात विचारलं, एन्ड्रिनचा डबा कुठी ठेवता? एन्ड्रिन म्हणजे कापसावर फवारायचं कीटकनाशक, जहाल विष. आमच्या भागात एन्ड्रिन म्हणजे काय आणि ते घरात असलं की काय होतं हे लहान पोरालासुद्धा माहीत होतं. बाबा उठले, माजघरातून डबा काढला, सायकलला बांधला आणि शेतावरच्या कोठ्यात कुलपात ठेवून आले. आमच्या शेताची चौकशी करतात, आमच्यावर संशय घेतात, असं बाबांच्या मनातही आलं नाही. डॉक्टरांनीही फवारणी बंद करा असं सांगितलं नाही, काही महिने घरात नको एवढंच. काकू आज ७८ वर्षांची आहे. त्या डॉक्टरांनी जे ओळखलं ते इथल्या एवढ्या मोठ्या क्लिनिकमधे ओळखलं गेलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं. मनात येणं आणि करून बसणं यात कितीदा फक्त काही मिनिटं असतात, आणि त्या मिनिटांत हाताशी काय आहे यावर सगळं ठरतं. गनच्या बाबतीत तर दहातले नऊ जण वाचत नाहीत.

लेखात शाळांमधल्या गोळीबारावर दोन परिच्छेद आहेत. मीसुद्धा इथल्या पार्कलंडच्या शाळेतल्या गोळीबाराच्या वेळी, २०१८ मध्ये, १७ जण गेले तेव्हा रात्रभर टीव्हीसमोर होते, आणि माझ्या डोक्यात गन म्हणजे शाळेत शिरणारा कोणीतरी परका माणूस हेच पक्कं बसलं. २०२३ मध्ये या देशात गनने साधारण ४६,७०० माणसं गेली, त्यातल्या २७,३०० आत्महत्या होत्या. अर्ध्याहून कितीतरी जास्त. म्हणजे आपल्याच घरातली गन आणि आपलाच माणूस. हा आकडा लेखात एकदाही नाही. आणि डॉक्टर विवेक मूर्ती, कर्नाटकातल्या कुटुंबातला मुलगा, गनचा प्रश्न आरोग्याचा आहे म्हणाले म्हणून २०१४ मध्ये त्यांची नेमणूक वर्षभर लटकली होती, त्यांनी सर्जन जनरल म्हणून २०२४ मध्ये तेच अधिकृतपणे जाहीर केलं, तर तुमच्या लेखात त्यांना 'अमेरिकेचे मुख्य शस्त्रक्रियातज्ज्ञ' केलंय. ते ऑपरेशन करणारे डॉक्टर नाहीत हो, ते देशाच्या सार्वजनिक आरोग्याचे प्रमुख सल्लागार होते. छापण्याआधी कोणी बघत नाही का?

अजून एक, आलंच आहे तर सांगते. दोन वर्षांपूर्वी मी तुम्हाला याच विषयावर लिहिलं होतं, की इथले मराठी लोक मुलांना एकमेकांकडे खेळायला, राहायला पाठवताना अॅलर्जी विचारतात, कुत्रा आहे का विचारतात, गन आहे का हे कोणी विचारत नाही, आणि मी विचारते तर दोन मैत्रिणींनी मला पुन्हा बोलावलं नाही. ते पत्र आलं नाही. त्याच आठवड्यात आमच्या मंडळाच्या गणपतीचे चार फोटो मात्र आले. फोटो छापा, आम्हाला आवडतात, पण आम्ही इथे मोदक करण्यापलीकडेही जगतो, मुलं वाढवतो, घाबरतो, ते कधी छापणार?

पुढच्या महिन्यात मुलीची वार्षिक तपासणी आहे. ती आता १४ ची आहे. डॉक्टर तेच आहेत, मी बदलले नाहीत. गेल्या वर्षी त्यांनी विचारलं होतं, मी नाही म्हटलं, ते बरं म्हणाले आणि सीट बेल्टवर गेले. दहा सेकंद लागली.

पत्र छापलंत तर नाव देऊ नका ही विनंती.

आपली,
एक वाचक, टॅम्पा, फ्लोरिडा
(मूळची अकोला जिल्ह्यातली)