रेघ ओढलेल्या त्या एका वाक्याबद्दल

आदरणीय डॉक्टर,

माझ्या मुलीच्या गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या लशीची तारीख उलटून गेल्यावर मी आपल्याकडे आले, तेव्हा मोबाइलवर आलेल्या, या लशीची भीती घालणाऱ्या एका संदेशाची छापून घेतलेली दोन पाने चार घड्या घालून मी पर्समध्ये लपवली होती. आधीच्या दवाखान्यात ती बाहेर काढताच, ‘असले फॉरवर्ड वाचून आमचा वेळ घेऊ नका,’ असे सर्वांदेखत ऐकून मी परतले होते. त्या बोलण्याने माझी भीती तसूभरही कमी झाली नाही. उलट, हे उत्तर टाळतात म्हणजे काहीतरी दडवत असणार, असे मनाने घेतले. ते शब्द मला आजही बोचतात.

आपण ती पाने मागून घेतलीत, शेवटच्या ओळीपर्यंत वाचलीत आणि पेन उचलून सर्वांत आधी एका वाक्याखाली रेघ ओढलीत: ‘लशीनंतर मुलांना ताप येतो.’ ‘हे खरे आहे,’ आपण म्हणालात. हा ताप बहुधा सात ते बारा दिवसांनी येतो आणि साधारण तीन ते चार हजार मुलांमागे एखाद्याला त्या तापात आकडीही येऊ शकते, हेही आपण विचारण्याआधीच सांगितलेत. जी व्यक्ती माझ्या कागदातले खरे आधी मान्य करते, ती खोट्याला खोटे म्हणेल तेव्हा तिचे ऐकावे, हे मला त्या रेघेने पटवले.

मग आपण विचारलेत, ‘यातल्या कोणत्या वाक्याची सर्वाधिक भीती वाटते?’ ‘या लशीने मुलांना स्वमग्नता (ऑटिझम) होते,’ या ओळीवर मी बोट ठेवले. ही भीती १९९८ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ज्या लेखामुळे पसरली, तो १२ मुलांवरचा होता, २०१० मध्ये नियतकालिकाने तो मागे घेतला आणि त्याच वर्षी त्याचे प्रमुख लेखक अँड्र्यू वेकफिल्ड यांचे नाव ब्रिटनच्या डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढण्यात आले. आपण समासात ‘१२’ लिहिलेत आणि त्याखाली ‘६,५७,४६१’. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातील डेन्मार्कच्या मुलांची ती संख्या, आणि लस घेतलेल्यांत स्वमग्नतेचे प्रमाण त्यात वाढलेले दिसले नाही. तो आकडा मला पुरता वाचता येईपर्यंत आपण पुढे एक शब्द बोलला नाहीत. स्वमग्नतेची लक्षणे ध्यानात येण्याचे वय आणि या लशीचे वय जवळजवळ एकच असल्याने आईवडिलांना त्यांची सांगड घालावीशी वाटणे स्वाभाविक आहे, असेही आपण म्हणालात. त्या आयांना आपण मूर्ख ठरवले नाहीत, म्हणून मलाही स्वतःची लाज वाटली नाही.

ज्ञान पुष्कळांकडे असते. समोरच्याची भीती हातात घेऊन, तिचा मान राखून ती सोडवण्याचा सज्जनपणा मात्र विरळा, आणि अफवांशी लढताना त्याची गरज आकड्यांइतकीच असते, असे मला मनापासून वाटते.

लशीनंतर नवव्या रात्री मुलीचे अंग तापले. घरातले सारे धास्तावले आणि ‘तरी सांगत होतो’ असे सूर निघू लागले. मी ती पाने उलगडून आपण ओढलेली रेघ सर्वांना दाखवली आणि तिच्या उशाशी बसून राहिले. दोन दिवसांत ताप उतरला.

आपली कृतज्ञ,
एक आई