प्रश्नावलीचे मराठी ऐकणाऱ्यावर तपासा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सीबॅक फॉर्म (घरोघरी आरोग्याच्या जोखमीची माहिती घेण्याची सरकारी यादी) भरताना आशाताई तीस वर्षांवरील माणसाला मनाविषयीचे दोन प्रश्न विचारतात. ते पीएचक्यू-९ या नैराश्य ओळखण्यासाठीच्या, २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रश्नावलीतले पहिले दोन. मूळ प्रश्नावलीत गेल्या दोन आठवड्यांच्या त्रासाविषयी नऊ प्रश्न आहेत; प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. साधारणपणे १० किंवा अधिक गुण झाले की नीट तपासणी करायची. ती वापरायला परवानगी लागत नाही, म्हणून तिचे मराठी कुणीही करू शकते. काळजी तिथेच आहे.

मान्य रीत अशी: दोघांनी वेगवेगळे मराठी करायचे, ते जुळवायचे, मूळ न पाहिलेल्या दोघांनी परत इंग्रजीत न्यायचे, जाणकारांनी तपासायचे आणि शेवटी ३० ते ४० जणांना वाचून दाखवून ‘यातून काय कळलं, तुमच्या शब्दांत सांगा’ असे विचारायचे. घाईत ही शेवटची पायरी गळते आणि ‘उलट भाषांतर जुळले’ एवढ्यावर शिक्का बसतो. पण शब्दाला शब्द ठेवलेले मराठीच सर्वांत चांगले जुळते! पहिल्या प्रश्नाचे ‘कामांमध्ये स्वारस्य वा आनंद कमी असणे’ हे मराठी परत नेले की तंतोतंत मूळ वाक्य मिळते; ओट्यावर बसलेल्या बाईला मात्र ‘स्वारस्य’ कळत नाही. ‘करमत नाही’ हा शब्द सोपा आहे, पण लेक सासरी गेली तरी करमत नाही. ‘कशातच मन लागत नाही, असं होतं का?’ हे जवळचे वाटते. तेही विचारून पाहिल्याशिवाय ठरवू नये.

सर्वांत जास्त घोळ दिवसांचा होतो. ‘अर्ध्याहून अधिक दिवस’ हे कागदावर ठीक. ऐकणाऱ्याला आधी दोन आठवड्यांचे निम्मे काढावे लागतात. त्यात आपण आठवड्याला ‘आठ दिवस’ आणि दोन आठवड्यांना ‘पंधरा दिवस’ म्हणतो. त्यापेक्षा ‘मागच्याच्या मागच्या बाजारापासून आजपर्यंत किती दिवस असं झालं?’ असे विचारून आकडा लिहावा. पीएचक्यू-८ (हीच प्रश्नावली, नववा प्रश्न वगळून) च्या दिवस मोजणाऱ्या आवृत्तीत ०-१ दिवसाला ०, २-६ ला १, ७-११ ला २ आणि १२-१४ ला ३ गुण देतात.

दुसरी अडचण नकाराची. ‘झोप लागत नाही का?’ याला ‘हो’ म्हणजे ‘हो, लागत नाही’ की ‘हो, लागते’? त्याच प्रश्नात झोप न येणे, मध्येच जाग येणे आणि जास्त झोपणे अशा तीन गोष्टी कोंबलेल्या आहेत. म्हणून ‘झोपेचा त्रास किती दिवस झाला?’ हे आधी, प्रकार मागाहून. एकाग्रतेच्या प्रश्नात वर्तमानपत्र वाचण्याचे उदाहरण आहे. न वाचणाऱ्या माणसाला तांदूळ निवडताना किंवा मालिका बघताना चित्त थाऱ्यावर नसते का, असे विचारता येते. सहाव्या प्रश्नातल्या ‘अपयशी’चे ‘नापास’ केले तर थेट शाळा आठवते.

नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. ‘स्वतःला इजा’ म्हटले की विळा लागल्याचे किंवा बैलाने मारल्याचे सांगितले जाते. ‘जिवाचं काही बरंवाईट करून घ्यावं, असं मनात येतं का?’ हे लगेच उमजते. म्हातारी माणसे ‘देवा, उचल रे आता’ सहज म्हणतात. ते आणि हे एक नव्हे, म्हणून पुढचा प्रश्न तिथेच विचारायला हवा. सासू शेजारी बसली असेल तर उत्तर ‘नाही’ असेच येईल, तेव्हा एकांत हवाच. होकार आला तर बेरजेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवावे आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांकही द्यावा.

शब्द बदलले की गुणांची सीमाही हलू शकते. म्हणून मराठी आवृत्तीचे १० गुण डॉक्टरांच्या सविस्तर मुलाखतीशी ताडून पाहायला हवेत. आरोग्य विभागाला विनंती, की ही प्रश्नावली जिथे वापरली जाते तिथे मराठी शब्द कोणत्या जिल्ह्यांत, कधी आणि किती जणांवर तपासले हे फॉर्मच्या तळाशी छापावे. मेळघाटातली कोरकू आणि गडचिरोलीतली गोंडी यांसाठी मराठीवरून नव्हे, मूळ प्रश्नावरून स्वतंत्र काम करावे.

आपला,
एक वाचक