एचआयव्ही : अहवाल आणि वास्तव

महोदय,

‘एड्सवर इलाज सापडला’ अशा धर्तीचे मथळे अधूनमधून वाचायला मिळतात आणि ते वाचून एआरटीच्या, म्हणजे एड्सचा विषाणू एचआयव्ही याला दाबून ठेवणाऱ्या, गोळ्या नियमित घेणाऱ्या एखाद्याला त्या सोडाव्यात असे वाटले, तर दोष त्याला देता येणार नाही. रक्ताच्या अहवालात विषाणू ‘आढळला नाही’ असे लिहिलेले असले, तरी तो शरीरातून गेलेला नसतो. एचआयव्ही आपली जनुकीय माहिती सीडी-४ या प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींच्या डीएनएमध्येच गुंफतो; त्यांतील काही पेशी स्मृतिपेशी (जुना संसर्ग लक्षात ठेवणाऱ्या पेशी) होऊन वर्षानुवर्षे सुप्त राहतात, त्यामुळे प्रतिकारशक्तीला त्या ओळखू येत नाहीत आणि औषधेही तेथे निरुपयोगी ठरतात, कारण ती विषाणूची नवी पैदास रोखतात, गुंफलेला डीएनए काढून टाकत नाहीत. शिवाय अशी पेशी विभागली की नव्या पेशीत विषाणूही आयताच उतरतो. उपचार घेणाऱ्या रुग्णांत सुप्त विषाणूचा हा साठा १९९७ मध्येच दिसून आला होता. अमेरिकेतील मिसिसिपीच्या एका बालिकेत औषधांविना सुमारे २७ महिने विषाणू आढळला नाही. २०१४ मध्ये तो परतला. टिमोथी रे ब्राऊन हे एचआयव्हीबाधित रुग्ण बर्लिनमध्ये बरे झाले खरे, पण रक्ताच्या कर्करोगासाठी केलेल्या जोखमीच्या मूलपेशी-प्रत्यारोपणामुळे.

यातील बहुतेक संशोधन पाश्चात्त्य देशांतील एचआयव्हीच्या ‘बी’ उपप्रकारावर झाले आहे, तर भारतात प्रामुख्याने ‘सी’ आढळतो. पुण्यात, भोसरीला, एड्स संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. तिला या अभ्यासासाठी भरघोस निधी मिळावा. आणि आपल्या वृत्तपत्रानेही अशा बातमीखाली ‘गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नयेत’ एवढी ओळ जरूर छापावी.

— एक वाचक, पुणे