तारीख पुढे ढकल

पुणे,
१२ सप्टेंबर

प्रिय विनय,

पत्र आणि सोबतचे रिपोर्ट मिळाले. वजन १०४ किलो, उंची १६५, तीन महिन्यांची साखर ८.९, रात्रीचं घोरणं, छातीतली जळजळ, आणि शेवटी एका ओळीत ‘स्लीव्ह करायचं ठरवलंय, दिवाळीच्या सुट्टीत उरकून टाकतो, पॅकेजवर सवलत आहे’. वर पुन्हा मला विचारतोस, करू की नको! वरात दारात आली आणि पत्रिका जुळवायच्या राहिल्यात, असा प्रकार झालाय.

वजन उतरवायचं ऑपरेशन करावंस असंच माझं मत आहे. पण स्लीव्ह (जठर कापून लहान करायचं) की बायपास (हृदयाचा नव्हे, जठराचा: छोटी पिशवी करून तिला आतडं जोडायचं) हे सवलतीवर नाही, तुझ्या त्या जळजळीवर ठरणार आहे, आणि तोंडातून जठरापर्यंत दुर्बीण घालून करायची तपासणी तू अजून केलेलीच नाहीस.

आधी पात्रतेचं बघू. तुझा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ३८.२ येतो. १९९१ पासून जगभर ४०चा आकडा धरला जायचा, सोबत मधुमेहासारखा आजार असेल तर ३५. २०२२ साली अमेरिकेतल्या आणि आंतरराष्ट्रीय अशा दोन्ही शल्यचिकित्सक संघटनांनी मिळून तो खाली आणला: ३५च्या वर सरसकट विचार करावा, मधुमेह असेल तर ३० पासून, आणि आपल्यासारख्या आशियाई लोकांत २७.५ पासूनसुद्धा, कारण आपली चरबी हातापायांपेक्षा पोटात जास्त साठते आणि कमी वजनातच त्रास सुरू करते. त्या हिशेबानं तू बसतोस. विमा कंपनीचा हिशेब मात्र वेगळा आहे. विमा नियामकाच्या ठरलेल्या शब्दांत बीएमआय ४०, किंवा ३५ आणि सोबत गंभीर आजार (हृदयविकार, गंभीर स्लीप अ‍ॅप्निया म्हणजे झोपेत श्वास थांबणं, आटोक्यात नसलेला टाइप २ मधुमेह), आणि तोही साध्या उपायांनी वजन उतरलं नाही तरच. म्हणजे साखरेचा रिपोर्ट, झोपेची तपासणी आणि आहारतज्ज्ञांकडे घातलेल्या खेपांचे जुने कागद, हे तिन्ही फाइलला हवेत. तुझ्या पॉलिसीत या ऑपरेशनला वेगळा थांबण्याचा काळ लिहिलाय का तेही वाच, आणि मंजुरी लेखी घे. काउंटरवरचं ‘होऊन जाईल साहेब’ कुठेच चालत नाही.

आता ऑपरेशनकडे. स्लीव्हमध्ये जठराची बाहेरची फुगीर बाजू, साधारण तीन चतुर्थांश, कायमची कापून काढतात. आत अंगठ्यापेक्षा जरा बारीक नळी ठेवायची आणि तिच्या कडेकडेनं स्टेपलर चालवत जायचं. स्टेपलर एका दाबात दोन्ही बाजूंना टायटॅनियमच्या बारीक टाचण्यांच्या तीन-तीन ओळी मारतो आणि मधून पातं फिरवतो. असे पाच-सहा दाब लागतात. उरतं ते केळ्यासारखं लांबट जठर, आपल्या आमटीच्या वाटीएवढं. भूक जागवणारं घ्रेलिन बहुतांशी त्या कापलेल्या भागात तयार होतं, म्हणून भूकही मंदावते. आतड्याला हात लागत नाही, हा त्यातला फायदा. पण रुंद पिशवीची अरुंद नळी झाली की आतला दाब वाढतो, अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेली झडप ढिली पडते, आणि आधीच जळजळ असलेल्या माणसाची जळजळ बऱ्याचदा वाढते. काहींना त्यापायी नंतर पुन्हा ऑपरेशन करून बायपास करावा लागतो.

बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला ३० मिलिलिटरची छोटी पिशवी करतात आणि लहान आतडं खालून उचलून तिला जोडतात. आम्ल आणि पित्त बरंच खालून जातं, म्हणून जळजळ थांबते. साखरेवरही याचा परिणाम जास्त, कधीकधी वजन उतरायच्या आधीच. तुझा मधुमेह सहा वर्षांचा आहे आणि इन्सुलिन सुरू झालेलं नाही, म्हणून गोळ्या सुटण्याची शक्यता चांगली. कायमच्या सुटतील असं मात्र धरू नकोस, काहींचा मधुमेह काही वर्षांनी परत येतो. तोट्याची बाजू अशी: लोह, बी १२ आणि कॅल्शियम कमी शोषलं जातं, गोड खाल्लं की घाम आणि धडधड होते, जोडावर व्रण होऊ शकतो, आणि मागे राहिलेल्या जठरात पुन्हा साधी दुर्बीण पोचत नाही. शिवाय ‘मिनी बायपास’ म्हणून एकाच जोडाचा प्रकार आहे. वेळ कमी लागतो, पण त्यात पित्त वर येऊ शकतं आणि शाकाहारी माणसाला कुपोषणाची धास्ती जास्त. तुला मी तो सुचवणार नाही.

म्हणून दुर्बीण आधी. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला व्रण दिसले, अस्तर बदललेलं दिसलं किंवा जठर छातीच्या पडद्यातून वर सरकलेलं असेल, तर स्लीव्ह विसर आणि बायपासचं बोल. सगळं स्वच्छ निघालं तर स्लीव्हचा विचार होऊ शकतो. त्याच वेळी जठरातल्या हेलिकोबॅक्टर जंतूची तपासणी करून घे, निघाला तर औषधाचा कोर्स आधी पुरा करायचा.

‘त्या आठवड्याच्या इंजेक्शनांचं काय’ असंही विचारलंयस. प्रश्न रास्त आहे. त्यातल्या सेमाग्लुटाइडनं चाचण्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं, टिर्झेपॅटाइडच्या मोठ्या मात्रेनं २० टक्क्यांच्या आसपास. ऑपरेशननं साधारण २५ ते ३०. पण सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचे दोन तृतीयांश परत आले. दर महिन्याचा खर्च वर्षानुवर्षं पेलणार असेल तर तो पळपुटेपणा नाही, तोही मार्गच आहे. तुझ्या आकड्यांना मला ऑपरेशन जास्त पटतं इतकंच. त्यातही १०४चे ७३-७८ होतील. कॉलेजातली पँट बसणार नाही.

तयारीत लोक फसतात ते यकृतापाशी. यकृताची डावी पाकळी जठरावर छपरासारखी पसरलेली असते. तुझ्या सोनोग्राफीत ‘ग्रेड २ फॅटी लिव्हर’ लिहिलंय, म्हणजे ते छप्पर जड आणि ठिसूळ आहे. सर्जनला ते उचलून धरून मागे काम करायचं असतं. उचलताना ते फाटलं की रक्त, आणि नाहीच उचललं तर पोट बंद करून परत यावं लागतं. म्हणून आधीचे दोन आठवडे दिवसाला ८०० ते १००० कॅलरी, पिष्ट जवळजवळ बंद. यकृतातल्या साठवलेल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी असतं. ती साखर संपली की पाणी जातं आणि पाकळी आक्रसते. साय काढलेलं दूध, व्हे प्रोटीन (दुधातल्या प्रथिनांची पावडर), मुगाचं कढण, ताक, दुधी-पालकाचं सार, थोडं पनीर असं चालतं. नेमका कागद आहारतज्ज्ञ देतील. कृपा करून याला ‘उपास’ समजू नकोस. साबुदाण्याची खिचडी, केळी आणि राजगिऱ्याचा लाडू दोन दिवस खाल्लास की यकृत पुन्हा भरलं. आणि ‘आता पुढे मिळणार नाही’ म्हणून आधीच्या रविवारी पुरणपोळ्यांवर हात मारणारे काही कमी नसतात. वहिनींना हे आधीच सांगून ठेव.

गोळ्यांची गोष्ट याहून महत्त्वाची. तुझ्या चिठ्ठीवर डॅपाग्लिफ्लोझिन आहे. ती लघवीतून साखर बाहेर टाकते. पिष्ट बंद असताना ती चालू राहिली तर मीटरवर साखर १६०-१८० दिसत असतानाही रक्तात आम्ल साचत जातं. उलट्या आणि धाप लागते, आणि सगळे ‘ऑपरेशनमुळे असेल’ म्हणत बसतात. ती निदान तीन दिवस आधी बंद हवीच. दोन आठवड्यांचा आहार सुरू होतानाच थांबवायची का, हे तुझ्या मधुमेहाच्या डॉक्टरांना पहिल्या भेटीतच विचार. ग्लिमेपिराइड ही साखरेची दुसरी गोळी त्या आहारावर पूर्ण मात्रेत घेतलीस तर पहाटे साखर ५०वर येऊ शकते, तिची मात्रा कमी करावी लागते. रक्तदाबाच्या गोळीत पाणी काढणारं औषध आहे, त्याचंही तसंच. मेटफॉर्मिन तुझी सावकाश विरघळणारी आहे. बायपासनंतर ती नीट शोषली जाईलच असं नाही, साधी लिहून घे. आणि मध्येच ते आठवड्याचं इंजेक्शन सुरू केलंस तर भूलतज्ज्ञांना न विसरता सांग. त्यानं जठर सावकाश रिकामं होतं, सहा तास उपाशी राहूनही पोटात अन्न सापडतं आणि भूल देताना ते फुप्फुसात जाऊ शकतं.

घोरण्याला हसू नकोस. मानेचा घेर ४३ सेंटीमीटर आहे म्हणतोस, वर रक्तदाब. झोपेची तपासणी कर. अ‍ॅप्निया निघाला तर मास्कचं मशीन काही आठवडे आधी सुरू करायचं, सवय झाली पाहिजे, आणि ऑपरेशनच्या दिवशी स्वतःचं मशीन पिशवीत घालून न्यायचं. वेदनेच्या इंजेक्शननंतर त्या रात्री श्वास थांबण्याची भीती सर्वांत जास्त. तंबाखूची पुडीही आजपासून बंद. निदान सहा आठवडे आधी, आणि नंतरही नाहीच. निकोटीननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात, जोड भरून यायला रक्त कमी पडतं. ‘ओढत नाही, नुसती मळतो’ हे सर्जन ऐकणार नाही.

रक्ताच्या बाकीच्या तपासण्या चिठ्ठीवर असतीलच. फेरिटिन (लोहाचा साठा), बी १२, ड जीवनसत्त्व आणि फोलेट त्यात आहेत का तेवढं बघ. शाकाहारी माणसाचं बी १२ आधीच तळाला असतं, ते ऑपरेशनच्या आधी भरून काढायचं.

सर्जनला चार प्रश्न विचार. वर्षाला अशी किती करता? रात्री दोन वाजता पोट दुखलं तर फोन कोण उचलणार, तुम्ही की ड्यूटीवरचा पोरगा? पॅकेजमध्ये स्टेपलरची किती काडतुसं धरलीत, जास्त लागली तर? आणि पहिल्या वर्षात आहारतज्ज्ञांच्या किती भेटी? शेवटच्या प्रश्नावर जो गडबडेल तिथे जाऊ नकोस.

धोका किती? मृत्यू हजारात एक-दोन, म्हणजे पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या आसपास. पण गळती झाली तर ती बहुधा पहिल्या दहा दिवसांत कळते, म्हणून चौथ्या दिवशी संगमनेरला पळू नकोस. दोन आठवडे धाकट्याकडे पुण्यातच राहा. नाडी १२०च्या वर, ताप, डाव्या खांद्यात कळ, धाप, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून त्याच संध्याकाळी चालायचं. घरी गेल्यावर काही दिवस पोटात इंजेक्शन घ्यायला सांगतील, ती मोजून पुरी कर.

खाण्याचं थोडक्यात. पहिले दिवस खोकल्याच्या औषधाचं ते प्लॅस्टिकचं मापाचं टोपण असतं ना, तेवढं पाणी पंधरा मिनिटांत, घोट घोट. दोन आठवडे पातळ, पुढचे दोन मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि दीड-दोन महिन्यांनी रोजचं. पोळी आणि भात सगळ्यात उशिरा. नीट न चावलेला पोळीचा एक तुकडा अडकला की छातीत दगड ठेवल्यासारखं होतं, तोंडाला पांढरा फेस येतो, आणि तो वर आल्याशिवाय सुटका नाही. जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही. प्रथिनं रोज ६० ते ८० ग्रॅम. अर्धी वाटी घट्ट वरणात चारच ग्रॅम निघतात आणि त्यापलीकडे पोटात जागा नसते. मांस-अंडं खात नाहीस, तेव्हा व्हेच्या डब्याचा खर्च घरखर्चात धर.

गोळ्या आयुष्यभर: मल्टिव्हिटॅमिन, बी १२, ड, लोह आणि कॅल्शियम. कॅल्शियम सिट्रेट घे, कार्बोनेट नको, त्याला आम्ल लागतं. दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, पण एका वेळी ५००-६००च. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तास अंतर, आणि लोहावर चहा नाही. पित्तखडे होऊ नयेत म्हणून सहा महिने उर्सोडिऑक्सिकोलिक अ‍ॅसिड देतात. केस तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात गळतील, बहुधा परत येतील. पाठदुखीला डायक्लोफेनॅक घेतोस ती सवय सोड, बायपासच्या जोडावर तिनं व्रण होतो. पॅरासिटामॉल चालेल.

एक चिठ्ठी पाकिटात ठेव, गावातल्या डॉक्टरसाठी. वर ऑपरेशनचं नाव, तारीख आणि सर्जनचा फोन. खाली दोनच ओळी. ‘उलट्या होत असतील तर ग्लुकोजच्या सलाइनआधी थायमिन द्या.’ (उलट्यांत बी १ संपलेलं असतं. नुसतं ग्लुकोज चढवलं की उरलंसुरलं खर्च होतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते.) ‘राइल्स ट्यूब सर्जनला विचारल्याशिवाय घालू नका.’ (नाकातून जठरात घालतात ती नळी.)

आता उद्याच त्या पॅकेजवाल्यांना फोन कर, भरलेली आगाऊ रक्कम पुढच्या तारखेला धरतील का विचार. नाही म्हणाले तरी तारीख सोड. मग दुर्बीण आणि झोपेची तपासणी, आणि दोन्हींचे रिपोर्ट आले की मला पाठव. तपासण्या, मास्कची सवय, विम्याची मंजुरी आणि तंबाखूचे सहा आठवडे, सगळं धरलं तर जानेवारी उजाडेलच. तोवर संक्रांतीचे लाडू लपवायला वहिनींना जागा बघून ठेवायला सांग.

तुझा,
श्रीकांत